पन्हळ नसलेली पिंड

आम्ही घाटाकडे निघालो ते खजिन्यासाठी नव्हे. आम्हाला एक दगड बघायचा होता, आणि त्या दगडावर आमच्या सगळ्या वाडीची अब्रू टांगलेली होती.

साल सत्तावन्न. आदल्या वर्षी कोळवण खोऱ्यातल्या आमच्या वाडीनं बुद्धाची दीक्षा घेतली होती आणि घरोघरचे देव नदीत सोडले होते. ते गावच्या हैबतरावांना लागलं. एके दिवशी चावडीवर ते म्हणाले, "कड्याखालची लेणी बुद्धाची म्हनता व्हय? पांडवांनी कोरल्यात त्या. आत महादेवाची पिंड हाय, आमच्या आज्यानं बघितलीय. पिंड निघाली तर सोडलेलं देव परत देव्हाऱ्यात बसवायचं. न्हाई निघाली, तर विहाराला माळावरची जागा दिली."

सगुणाआत्या उभी राहिली. सासूच्या हातचे चांदीचे टाक तिनं स्वतःच्या हातानं डोहात सोडले होते.

"कबूल," ती म्हणाली. "पर साक्षीदार तुमचाच द्या. आमच्या डोळ्यांवर तुमचा इस्वास न्हाई."

साक्षीदार आला भैरू, हैबतरावांचा चुलतभाऊ. ह्याच्या तोंडात विडी नसली तर घरचे बैलसुद्धा ह्याला ओळखत नसत.

वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. आत्या, तिचा भाचा मी गेणबा, आणि मागून दहा पावलांवर भैरू. दहा म्हणजे दहा, तो अंतर मोडत नव्हता. मला वाटलं, आमची सावली अंगावर पडू नये म्हणून. पण त्याची नजर आत्याच्या डोक्यावरच्या गाठोड्यावर होती. मुळशीच्या धरणाच्या काठी होडीची वाट बघताना त्यानं तोंड उघडलं.

"सगुणे, गाठोड्यात काय हाय? मूर्ती घेऊन चाललीस आन् तितं ठेवून म्हनशील, बघा आमचा बुद्ध."

"भाकरी हायेत," आत्या म्हणाली. "सोडून बघा की. पर शिवावं लागंल."

भैरूनं विडी शिलगावली आणि पाण्याकडे बघत बसला.

पलीकडच्या काठावर काळू कातकरी भेटला. कड्यावरचा मध काढणारा माणूस. घाटाची वाट त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. रात्र त्याच्या खोपटात काढली आणि उजाडताच घाटाच्या तोंडाशी पोचलो. तिथून दोन कड्यांमधली जी अरुंद घळ, जी नाळ खाली उतरते, तिची खोली काय सांगू! वरून धोंडा सोडला, मी तंबाखू मळली, चुना लावला, दाढेत धरली, तेव्हा कुठं खालून आवाज आला. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, धोंडा अजून तिथंच असेल.

त्या नाळेच्या तोंडाशी मी एक गोष्ट पाहिली. भैरूनं विड्यांचा अख्खा कट्टा काढून काळूच्या हातात दिला! दोघं काहीतरी कुजबुजले. काळूनं कट्टा कमरेला खोचला आणि मान डोलावली.

"आत्या, वाटाड्या फुटला," मी कानाशी लागलो. "कट्टाभर विड्यांत विकला गेला."

"बघत ऱ्हा," ती म्हणाली. "बोलू नगंस."

अर्ध्या नाळेतच काळूनं मळलेली वाट सोडली आणि कारवीच्या दाट रानात शिरला. माझी खात्रीच पटली. हा आता आम्हाला चकवणार, संध्याकाळपर्यंत फिरवणार आणि भैरू गावात सांगणार की लेणीबिणी काही नाहीच! मी कोयती हातात घेतली. पायाखाली मुरूम घसरत होता, डाव्या अंगाला नुसतं आभाळ. एकदा आत्याचा पाय निसटला, मी पदर धरला, काळूनं दंड धरला. तेवढ्या वेळातसुद्धा मी बघितलं की तो धरतोय की ढकलतोय.

कारवी संपली आणि समोर लेणी!

कड्याच्या पोटात काळी तोंडं ओळीनं उघडी होती. मधलं सगळ्यांत मोठं, त्याच्याशेजारी भिक्खूंच्या खोल्या, दाराशी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. आणि वर, कपाळपट्टीवर, आग्या माश्यांची पोळी लोंबत होती. एकेक पोळं बैलगाडीच्या चाकाएवढं. मोजायला गेलो नाही, पण एका गावाच्या गाड्या जुंपता आल्या असत्या.

"हितं धूर करू नगासा," काळू हळूच म्हणाला.

ऐका! पौर्णिमेच्या दिवशी आम्ही वंदनेला उदबत्ती लावायची नाही! कट्ट्याचं मोल आत्ता वसूल होत होतं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, थांब असं नजरेनं सांगितलंही. पण मी बावीस वर्षांचा, आणि त्या वयात माणूस नजरा कुठं वाचतो? मोठ्या लेण्याच्या तोंडाशी बसून मी उदबत्त्यांचा अख्खा जुडगाच पेटवला. भैरू बाहेर, कड्याच्या पट्टीवर उभा होता.

वर गुणगुण थांबली. मग कुणीतरी काळी घोंगडी झटकावी तसं अख्खं पोळं सुटलं!

"खोलीत पळा!" काळू ओरडला. त्यानं माझ्या पेकाटात लाथ घातली आणि उदबत्त्या टाक्यात फेकल्या. मी खोलीत पडलो. घोंगडी टाक्यात बुडवून काळूनं दाराला धरली. बाहेर भैरूचं डोकं दिसेनासं झालं होतं. मानेवर माणसाच्या तोंडाऐवजी माश्यांचा गोळा! तो गरगर फिरत कड्याच्या टोकाकडे सरकत होता. दोन पावलं. एक पाऊल.

आत्यानं ओलं लुगड्याचं धडपं डोक्यावर घेतलं आणि बाहेर गेली. त्याचं मनगट धरलं. ओढलं. फरफटत आत आणलं. काळूनं घोंगडी पुन्हा सारली.

मग तीन प्रहर आम्ही चौघं एका खोलीत. दोन हजार वर्षांपूर्वी एका भिक्खूसाठी कोरलेली खोली ती. भैरूच्या गुडघ्याला माझा गुडघा, खांद्याला आत्याचा खांदा. काळू त्याच्या मानेतले काटे नखानं काढत होता.

"तरी सकाळी ह्येला सांगितलं व्हतं," काळू म्हणाला, "तितं विडी वढायची न्हाई. ह्येला ऱ्हावायचं न्हाई म्हून कट्टाच माझ्यापाशी ठिवला. तुमच्यापाशी उदबत्त्या हायेत हे कुनी सांगितलं मला?"

मी भिंतीकडे तोंड केलं.

"पानी," भैरू म्हणाला.

आत्यानं तांब्या पुढं केला, मग हात थांबवला. "माझा हाय."

भैरूनं चाचपत तांब्या धरला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

उन्हं कलली, माश्या पोळ्यावर बसल्या. आम्ही बाहेर आलो आणि तेव्हा कळलं की सगळं बुडालं. भैरूचे डोळे मिटले होते. पापण्या भज्यांसारख्या फुगलेल्या, चार दिवस उघडायच्या नाहीत. पिंड आहे की नाही हे बघायला आलेला साक्षीदार आंधळा! आणि तोवर थांबायचं तर भाकरी संपलेल्या.

"चला," तो म्हणाला. "मी काय बघितलं न्हाई. तसंच सांगंन."

"हात द्या," आत्या म्हणाली.

तिनं त्याला मोठ्या लेण्यात नेलं. मधोमध अंधारात दगड उभा होता, पुरुषभर उंच, वरून गोल. आमच्या लेखी तो स्तूप. भैरूचा पंजा तिनं त्यावर ठेवला.

"पिंडच हाय," भैरू म्हणाला. "म्हनलं व्हतं."

"मग पन्हळ हुडका."

पिंडीला साळुंका असते, तिला पाणी वाहून जायची पन्हळ असते, आणि पन्हळ कुणी ओलांडत नाही. तिथवर जायचं नि मागं फिरायचं, हे पोरालाही ठाऊक. भैरू दगडाला हात लावून निघाला, एकेक पाऊल सरकवत, पन्हळ ओलांडली जाईल ह्या भीतीनं. आत्या मनगट धरून सोबत. फेरा पूर्ण झाला. तो थांबला. पुन्हा निघाला, ह्या खेपेला खाली वाकून, पायथ्याशी चाचपत. दुसराही फेरा पुरा झाला. कुठंच काही आडवं आलं नाही.

 परतीचे दोन दिवस तो काळूच्या खांद्याला धरून चालला. आणि मला काळजी होती ती भैरूच्या साक्षीची. घरचा माणूस, घरची बाजू घेणार.

चावडीवर सगळा गाव गोळा झाला होता. भैरूचं तोंड बघून हैबतराव हसले.

"हा साक्षीदार! काय बघितलंस रं?"

"डोळ्यांनी न्हाई बघितलं, दादा. हातानं बघितलं. पिंड न्हाई ती. दोन फेरं घातलं, पन्हळ आडवी आली न्हाई."

"डोळं मिटलेल्या माणसाला फेरं घातलं कुनी? ह्या गेणबानं का त्या कातकऱ्यानं? गंडवलं तुला."

कातकऱ्याचा विटाळ गावाला आमच्याइतका नव्हता. भैरू 'काळूनं' म्हणाला असता तर सगळं निभावलं असतं, त्याच्या घरात, पंगतीत, सगळीकडं. मी त्या शब्दाचीच वाट बघत होतो.

"सगुणाबाईंनी," तो म्हणाला. "हात धरून. तहान लागली तवा पानीबी त्यांनीच दिलं."

माझ्या कानात लेण्यावरच्या माश्यांची गुणगुण पुन्हा सुरू झाली. हैबतराव बराच वेळ भावाकडे बघत राहिले. भावाला ते दिसत नव्हतं, म्हणून असेल, तो मान ताठ धरून बसला होता.

"माळावर धोंडं लई हायेत," शेवटी हैबतराव उठत म्हणाले. "आदी ती उचलून घ्या."