सहा फसलेली वल्ही

“ढकल! आता ओढ! अगं, मनगट वळव!” तेप्पेई ओरडला.

“गप्प बस, नाहीतर तुलाच पाण्यात ढकलते!” होडीच्या मागच्या टोकाला उभं राहून नात्सुएने वल्हं डावी-उजवीकडे झुलवलं. होडी सरळ निघाली. नाक जरासुद्धा डुललं नाही!

“जमलं!” मिहो किंचाळली.

सुट्टीतलं हे त्यांचं सातवं वल्हं. गावातली वल्ही दोन लाकडं सांधून, मध्ये किंचित वाक देऊन केलेली असत. मुलांनी दर वेळी तो वाक थोडाथोडा वाढवून पाहिला होता. लाकूड, रंधा, जागा, सगळं मोरितोकाकांचं. काका होड्या बांधत. नात्सुएचे बाबा वर्षातले दहा महिने जहाजावर. तिच्या हातात पहिला रंधा काकांनीच दिला होता, आणि आपल्या कारखान्याची एक किल्लीही.

“छान झालंय!” काका म्हणाले. “ती आधीची सहा मात्र जाळून टाका. नुसती अडगळ!”

दोन दिवसांनी कारखान्यातून सातवं वल्हं गायब!

“पहाटे मोठी भरती होती. गेलं असेल वाहून,” काका म्हणाले.

“रंधा जागेवर, करवत जागेवर, आणि वल्हंच तेवढं पोहायला गेलं?” बाहेर येताच मिहो पुटपुटली.

“काकांवर संशय घेतेस? लाज नाही वाटत?” नात्सुए तिच्यावर खेकसली.

रविवारी होड्यांचा उत्सव होता. धक्क्यावर गाव जमलं होतं आणि मोरितोकाका काळंभोर रंगवलेलं वल्हं मिरवत होते. “माझी नवी रचना!”

नात्सुएने सांध्याखाली बोट फिरवलं. तेप्पेईची पटाशी घसरून पडलेली खाच तिथेच होती!

“काका... हे आमचं आहे.”

“बघा!” काका हसले. “चार दिवस माझं काम पाहिलं, तर आपलंच वाटायला लागलं!”

सगळे हसले. नात्सुएचे कान तापले. पण ती हलली नाही.

“मग काका, तुमची आधीची फसलेली कुठायत? पहिल्याच फटक्यात जमलं?”

“अर्थात! तीस वर्षांचा अनुभव आहे!”

मिहो आणि तेप्पेई केव्हाच पळाले होते. परतले ते सहा वल्ही घेऊन!

“जाळली नाहीत?” काकांच्या तोंडून निसटलं.

“आईने त्यांच्यावर माकुळ मासे वाळत घातलेत!” धापा टाकत मिहो म्हणाली. एक माकुळ अजून लोंबतच होता.

नात्सुएने सहाही ओळीने मांडली. “हे पाण्यात बुडी मारायचं. हे वल्हं टेकवायच्या खुंटीवरून उडायचं. हे तर मोडलंच...” एकही चूक ती विसरली नव्हती.

इसोबे आजोबा, गावातले सर्वांत जुने कोळी, एकेक वाक चाचपत सातव्यापर्यंत आले.

“मोरितो, साठ वर्षं वल्हवतोय मी. पहिल्या फटक्यात जमलेलं काही अजून पाहिलं नाही.” मग ते मुलांकडे वळले. “शाबास रे पोरांनो! आज माझी होडी तुमच्या वल्ह्यावर चालणार!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तेप्पेई तर नाचायलाच लागला!

काका खाली मान घालून जवळ आले. “नात्सुए, उद्या ये हं. आठवं करू.”

“तुम्ही नुसतं मागितलं असतं ना काका, तरी मी दिलं असतं.”

तिने खिशातून कारखान्याची किल्ली काढली. काकांनी हात पुढे केला होता; तिने ती फळीवर ठेवली आणि होडीकडे निघाली.