न वाजलेली घंटा

"हा झोपला आणि गावाचं दूध नासलं," चौकटीखाली मान वाकवून आत येत चेअरमन अजिनाथ म्हणाले. "तेवढं अहवालात लिहा मॅडम, म्हंजे याला काढता येईल."

यंत्रं का दगा देतात हे शोधणं राजेश्वरीचा व्यवसाय. सावेडीहून ती पारनेरजवळच्या या दूध केंद्रात आली होती, मावसभाऊ हर्षलला घेऊन. कोपऱ्यात वॉचमन गहिनीनाथ उभा होता.

"काल दुपारी मी घरी जेवाया गेल्तो," तो म्हणाला. "लाईट गेली की ही बॅटरीवरची घंटा वाजती, मी पळत येऊन जनरेटर लावतो. मगच टाकी गार ऱ्हाती. काल ती वाजलीच न्हाई."

"मग पारावर इचारलं तवा गप का?" चेअरमननी दरडावलं.

"तुमी बोलू दिलं का?"

राजेश्वरीने घंटेची कळ दाबली. नुसती घरघर.

"बॅटरी उतरली," हर्षल म्हणाला.

"मग घरघर कुठून आली? आत बघ."

हर्षलने कॅनवर चढून घंटेच्या वाटीतून मऊ कापडाचा बोळा ओढला. चेअरमन काहीतरी बोलत होते, ते मध्येच थांबले. राजेश्वरीने बोळा हुंगला आणि पर्समध्ये टाकला.

भिंतीपलीकडे चेअरमनचं घर. बाळंतपणाला आलेली त्यांची मुलगी रोहिणी उंबऱ्याच्या आतच थांबली. सव्वा महिना व्हायचा होता.

"घरात बाबा नि मी, दोघंच. आई नाही ना. बाबाच सगळं करतात, बाळाला धुरीसुद्धा तेच देतात."

"काल दुपारी बाळ उठलं होतं?"

"नाही. एरवी घंटेनं दचकतं, रडून जांभळं होतं. काल मात्र गाढ झोपलं."

बाहेर येताच राजेश्वरीने, सावेडीला तिचं तान्हं सांभाळणाऱ्या आईला फोन लावला. "पिल्लू झोपलंय ना? बघून सांग."

केंद्रात परतून तिने कोळशाने फरशीवर उलटं झाड काढलं.

"वर मुळाशी नासलेलं दूध. खाली तीन फांद्या. वीज गेली, वॉचमन जागेवर नाही, घंटा गप्प. तिन्ही एकदम घडल्या तरच दूध नासतं. पहिल्या दोन रोजच्याच, तरी आजवर नासलं नाही. नवी फांदी घंटेची."

"म्हणजे यानेच बोळा कोंबला," हर्षलने गहिनीनाथकडे बोट दाखवलं.

"ज्याची भाकरी घंटेवर, तो तिचं तोंड दाबेल?" राजेश्वरीने पर्समधून बोळा काढला. "आणि याचा वास घे. ओव्याची धुरी. हा बाळाच्या दुपट्याचा तुकडा आहे. रोहिणी उंबरा ओलांडत नाही. त्या घरात उरलं कोण?"

अजिनाथ कॅनवर बसले.

"लेकरू लई दचकत हुतं. म्हटलं, एक दुपार निजू दे. मग इसरलोच. आत्ता बोळा निघाला तवा आठवलं. तोंड उघडंना." ते घुटमळले. "मॅडम, यंत्राचा दोष लिहा. हितंच मिटवू."

"आणि यांना बोल लावलात, तो कुठे?" राजेश्वरीने गहिनीनाथकडे हात केला.

अजिनाथांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पारावर."

तेवढ्यात वीज गेली. घंटा खणखणली, भिंतीपलीकडे बाळ कळवळून रडू लागलं. गहिनीनाथ सवयीने जनरेटरकडे धावला.

अजिनाथ घराकडे वळले, थांबले, मग पाराच्या वाटेला लागले. वाटेवर चौकट नव्हती, तरी मान वाकलेलीच होती.