स्फोटाआधीचा अंधार

करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं संपतात तिथे एक अरुंद जिना आहे, आणि त्या जिन्यावर आमच्या मंडळाचा हॉल. खाली दिवसभर हॉर्न तपासून पाहतात, वर रविवारी मराठी मुलांचे वर्ग भरतात. गेल्या दिवाळीनंतर मंडळानं एक फुगवायचं तारांगण घेतलं. काळ्या जाड कापडाचा घुमट, तो ताठ ठेवायला कोपऱ्यात घरघरणारा पंखा, आत शिरायला कापडाचाच बोगदा. चपला बाहेर काढून रांगत आत जायचं, सतरंजीवर बसायचं आणि वर पाहायचं. आतमध्ये नव्या रबराचा आणि मुलांच्या मोज्यांचा वास असे. दिल्लीच्या धुरक्यात वाढलेल्या या पोरांनी आकाशगंगा कधी पाहिलेली नव्हती. घुमटात ती पहिल्यांदा दिसली की आतून 'ओ तेरी' असा एक सूर उठायचा, आणि मला फार बरं वाटायचं.

खेळाचं निवेदन मी लिहिलं होतं आणि मुद्रित केलेला आवाजही माझाच होता. माझी नोकरी वजनंमापं तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत आहे. पदार्थविज्ञान शिकले ते मनापासून शिकले. त्यामुळे निवेदनात एकही वाक्य असं नव्हतं की ज्याच्यामागे मी उभी राहू शकत नाही. आधी ग्रह घेतले: सूर्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीतून ते कसे गोळा झाले, खडकाळ ग्रह आत आणि वायूचे बाहेर का, पृथ्वीवर काहीतरी मोठं आदळून चंद्र झाला असं का मानतात. मग काळाची चाकं उलटी फिरवायची. तारे विझत जातात, दीर्घिका जवळ जवळ येतात, सगळं एका ठिपक्यात मिटतं. विश्व आधीपासून असंच होतं, असं म्हणणारेही मोठे शास्त्रज्ञ होते, आणि त्यांचं म्हणणं मागे का पडलं, तेही मी सांगितलं होतं. ठिपका मिटला की थोडा वेळ पूर्ण अंधार आणि पूर्ण शांतता. त्यानंतर महास्फोट.

त्या अंधारावरून मंडळाच्या अध्यक्षांशी, भाऊसाहेबांशी, माझं भांडण झालं होतं. भाऊसाहेब कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झालेले. त्यांना शनीपाशी साडेसाती हवी होती आणि अंधारात एक श्लोक. एवढी जागा रिकामी कशाला सोडायची, असा त्यांचा मुद्दा. मी म्हटलं, ती रिकामी आहे म्हणूनच खरी आहे. त्याआधी काय होतं हे कुणालाच माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मुलांना सांगणं म्हणजे फसवणूक. मी राजीनाम्यापर्यंत गेले, तेव्हा कुठे ते गप्प बसले.

सुरुवातीचे दोन-तीन खेळ छान झाले. मग एका रविवारी स्वप्नाली जिन्यात मला गाठून उभी राहिली. ती छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहणारी, नवरा फौजेत हवालदार, माहेर साताऱ्याकडचं. तिची शिवांगी वर्गातली सगळ्यात बडबडी पोर. प्रश्नांनी माझा जीव खायची.

"मॅडम, तुम्ही पोरीला काय सांगितलं त्या तंबूत?" स्वप्नालीनं विचारलं. "आल्यापास्नं काही विचारतच न्हाई. आधी डोकं उठवायची. आता नुसती ऐकून घेती."

मी तिला सगळं निवेदन थोडक्यात सांगितलं. तिनं मान हलवली. ते नव्हे, म्हणाली. अंधारात सांगितलं ते.

अंधारात मी काहीच सांगत नाही, असं मी तिला समजावलं. तेव्हा तिच्या मागून शिवांगी शांतपणे म्हणाली, "मॅम, आपने ही तो बताया. आधी काय होतं ते."

माझं डोकं सणकलं. पहिलं नाव डोक्यात आलं ते भाऊसाहेबांचं. माझ्या मागे, माझ्याच आवाजात काहीतरी घुसडलं असणार. हल्ली कुणाचाही आवाज बनवता येतो. मी त्याच दिवशी ध्वनिफीत घरी आणली आणि संगणकावर उघडली. बोलण्याच्या जागी रेघेला डोंगर येतात, शांततेच्या जागी ती सपाट. अंधाराच्या जागी रेघ सपाट होती. मी आवाज चढवून ऐकलं, उलटं लावून ऐकलं. काही नव्हतं.

तरी मी भाऊसाहेबांना फोन करून चार शब्द सुनावलेच. ते गोंधळले. त्यांनी अजून तारांगण आतून पाहिलंही नव्हतं.

पुढच्या रविवारी मी मुलांबरोबर आत बसले. मंगळ गेला, गुरू गेला, मुलं चुळबुळत होती, एकमेकांना कोपरानं ढोसत होती. दीर्घिका मिटल्या. अंधार झाला. पंख्याची घरघर, खालून कुठल्यातरी गाडीच्या हॉर्नचा आवाज. बस. मी मनात म्हटलं, बघा, आहे का काही?

आणि मुलांनी हुंकार दिला.

गोष्ट सांगताना समोरचा 'हं' म्हणतो ना, ऐकतोय, पुढे सांग, असा. सगळ्यांनी एकाच वेळी, हळूच. थोडं थांबून पुन्हा. मधल्या वेळात मला फक्त पंखा ऐकू येत होता. तिसऱ्यांदा हुंकार आला तेव्हा माझ्या शेजारी बसलेलं कुणीतरी लहान, माझ्या बाजूला वळून 'हं' म्हणालं. त्याचा श्वास माझ्या दंडाला लागला.

मग स्फोट झाला, घुमट पांढरा झाला, आणि सगळी मुलं वर न पाहता माझ्याकडे पाहत होती.

बाहेर आल्यावर मी अनुरागला धरलं. तारांगणाचं यंत्र तो चालवायचा. इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर, दूरसंचार खात्यात, दोन मुलांचा बाप, थट्टा करणारा माणूस नव्हे. मी त्याला विचारलं, हा काय प्रकार आहे? तो वायर गुंडाळत होता. म्हणाला, त्याला वाटलं मी तेवढा भाग नंतर जोडला. माझाच आवाज होता, मग त्यानं मध्ये काय बोलायचं?

"म्हणजे तूही ऐकलंस?"

"दर वेळी," तो म्हणाला.

"मी काय म्हणते त्यात?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वायरीकडे. "चेतनाताई, ते तुम्ही मला विचारू नये," तो म्हणाला. रागानं नाही. फार जपून म्हणाला, ताप आलेल्या माणसाशी बोलावं तसं.

ते जपणंच मला सहन होईना. मुलं मला वाट देऊ लागली होती. आया माझ्यासमोर आवाज खाली घेत. शिवांगी तर मी बसल्याशिवाय बसेना. मी आजारी नव्हते आणि कुणी देवी-बिवी तर मुळीच नव्हते. आयुष्यभर एकेक वाक्य तोलून बोलणाऱ्या बाईच्या तोंडी कुणीतरी काहीतरी घालत होतं, सगळ्यांनी ते ऐकलं होतं, आणि मला मात्र सांगायला कुणी तयार नव्हतं. माझं बोलणं मलाच वर्ज्य. असा अन्याय कुणावर झाला असेल तर त्यानं मला सांगावं.

मी ध्वनिफीत पुसून टाकली. अनुरागच्या देखत, यंत्रातूनही. जाहीर केलं की यापुढे निवेदन मी समोर उभी राहून करीन, आणि पहिल्या खेळाला सगळ्या कार्यकारिणीनं यावं. भाऊसाहेबांनी तर यावंच.

ते आले. गुडघे दुखत असताना बोगद्यातून रांगत आले. जानेवारीतली सकाळ होती, सगळ्यांच्या अंगात स्वेटर, घुमटात लोकरीचा आणि खोकल्याच्या गोळ्यांचा वास. मी यंत्रापाशी उभी राहिले. फोनवर ध्वनिमुद्रण चालू करून तो ओढणीच्या टोकाला बांधला. शनीपाशी भाऊसाहेब खाकरले, ते मी ऐकून सोडून दिलं. आवाज माझा खणखणीत लागला होता. 'इथून मागे आपल्याला काहीच ठाऊक नाही,' हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम त्यांच्या दिशेनं टाकलं.

अंधार झाला.

मी डावा हात तोंडावर घट्ट दाबला. उजव्या हाताची बोटं गळ्यावर ठेवली. बोलताना गळा थरथरतो. ते मला तपासायचं होतं.

गळा थरथरत नव्हता. ओठ मिटलेले होते.

"हं," मुलं म्हणाली.

पंखा घरघरत होता.

"हं." आता त्यात मोठी माणसंही होती. बायका, पुरुष. अनुराग अगदी माझ्या पायाशी.

मी तोंडावरचा हात आणखी दाबला. दात ओठांत रुतले.

"हं," एक घोगरा, म्हातारा आवाज एकटाच म्हणाला. तो भाऊसाहेबांचा होता.

उजेड झाला तेव्हा कुणीही वर विश्वाकडे पाहत नव्हतं. मुलं नेहमीसारखी शांत होती. भाऊसाहेब हात टेकत उठले, माझ्यापर्यंत आले. माझ्या ओठाला रक्त आलं होतं, ते त्यांनी पाहिलं आणि खिशातला रुमाल काढून माझ्यापुढे धरला.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "तिथे श्लोक शोभला नसता."

मी जिंकले होते म्हणायचं. मी त्यांना विचारलं, तुम्ही काय ऐकलंत? निदान तुम्ही तरी सांगा, तुम्ही तर माझे विरोधक. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि माझ्या नजरेला नजर न देता बोगद्याकडे वळले. रुमाल माझ्या हातातच राहिला. मी ओरडले, इतक्या माणसांपुढे, की तुम्ही सगळे मिळून मला वेड्यात काढताय. मी ओरडायची थांबेपर्यंत सगळे उभे राहिले आणि मग एकेक करून चपला घालायला बाहेर गेले.

घरी आले ती धुमसतच. आमचं क्वार्टर आर. के. पुरममध्ये, दुसऱ्या मजल्यावर. दुपारी धुरकं फाटून ऊन आलं होतं, आणि सुधन्वा, माझा नवरा, बाल्कनीत खुर्चीवर बसून मटार सोलत होता. तो रेल्वेत सिग्नलचा इंजिनियर. मंडळाची पायरी त्यानं कधी चढली नाही. तिथे नुसती भांडणं आणि साबुदाणा मिळतो, असं म्हणतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला. एकानं ऐकलं म्हणाला की दुसऱ्याला ऐकू येतं, शाळेत भूत निघालं की सगळ्या वर्गाला दिसतं, तसं हे. यार, तू कुठे मनाला लावून घेतेस, म्हणाला.

मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. कुणीतरी शेवटी माझ्याशी नीट, धसमुसळेपणानं बोलत होतं.

मी फोन काढला. अंधाराची जागा शोधली. मला पंखा ऐकू आला, आणि हुंकार. मी इअरफोन त्याला दिले. म्हटलं, तू तर तिथे नव्हतास. तूच ऐक आणि सांग, काही आहे का.

त्यानं ते कानात घातले, आणि मला डोळा मारून मटार सोलत राहिला. एक शेंग. दुसरी शेंग.

खाली भाजीवाला 'मूली ले लो' ओरडत गेला.

सुधन्वाची बोटं शेंगेवर थांबली.

तो रस्त्याकडे पाहत होता. चेहऱ्यावर भीती नव्हती. तो ऐकत होता, एवढंच.

"हं," तो म्हणाला.

"काय आहे?" मी विचारलं.

त्याला मी ऐकू आले नाही. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा हुंकार दिला. मी त्याचा खांदा हलवला. मग मीच इअरफोन ओढून काढायला हात पुढे केला, तर त्यानं ते माझ्या आधी स्वतःच काढले, वायर नीट गुंडाळली आणि फोन माझ्या हातात ठेवला, दोन्ही हातांनी.

"सुधन्वा, माझी शपथ आहे तुला. मी काय बोलले त्यात?"

तो खुर्चीवरून उठला. लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडणात, लाडात, दवाखान्यात, कधीही त्यानं मला 'तू'शिवाय काही म्हटलं नव्हतं.

"ऊन डोळ्यांवर येतंय," तो म्हणाला. "तुम्ही आत बसा."

राग होता, पण तो कुठे ठेवावा ते कळेना. मी आत जायला वळले. सुधन्वा दारातून बाजूला झाला, खाली फरशीकडे पाहिलं, आणि माझ्या सावलीवर पडू नये म्हणून आपला पाय हळूच मागे घेतला.