ऑईलचा काटा

लाईट काही लवकर येत नाही आता. सम्राट, तो मोबाईलचा उजेड बंद कर आणि जरा सरक. स्वप्नाली, तुला नंतर बोळातनं एकटीला घरी जायचंय. नको असेल तर आत्ताच ऊठ. नाही? मग नंतर मला बोल लावायचा नाही.

मलकापूरचा पिराजी माझ्या रोजच्या बैठकीतला. माणूस सरळ, पण डिझेलच्या बाबतीत महाचिक्कू. त्यानं भाऊसोची जुनी जीप घेतली. हा भाऊसो म्हणजे रत्नागिरी रस्त्यावरचा जुना वडापवाला, जीपमधनं माणसं वाहणारा. कुठलाही उतार लागला की इंजिनातल्या ऑईलचा दाब दाखवणाऱ्या मीटरच्या काचेवर अंगठ्यानं दोनदा टकटक करायचा, आणि मगच गाडी खाली सोडायचा. त्या अंगठ्यावर पान्यानं कापल्याची तिरकी चीर होती. एका रात्री गाडी दारात उभी केली आणि सीटवरच गेला. इंजिन चालूच. बायकोला, मीनाबाईला, वाटलं काटा बघत बसलाय. पहाटे डिझेल संपून इंजिन थांबलं, तेव्हा ती बाहेर आली.

गाडी देताना तिनं पिराजीला एकच गोष्ट बजावली होती. "उतारावर इंजिन बंद करू नगासा. ह्यांनी कधी केलं न्हाय."

पिराजी हसला. गाडी अडीच लाख किलोमीटर पळालेली, लिटरला दहा द्यायची. त्याला बारा पाहिजे होते. म्हणून उतार आला की हा गडी इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून द्यायचा. इंजिन बंद झालं की ब्रेकची ताकद जाते, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण ॲव्हरेजचं वेड वाईट.

गेल्या माघातली गोष्ट. वद्य अष्टमी, रात्रीचे साडेअकरा. पिराजीची लेक स्नेहल बाळंतपणाला आली होती. सकाळी घाटाखाली तिच्या सासरी कुळाचार, बाळाला देवापुढं ठेवायचं होतं. टायर पंक्चर झाल्यानं निघायलाच उशीर झाला. शेजारच्या सीटवर स्नेहल, मांडीवर तीन महिन्यांचं बाळ. आंबा गाव मागं पडलं, घाट सुरू झाला आणि पिराजीनं सवयीनं चावी फिरवली.

इंजिन थांबलं. काटा शून्यावर आला. येणारच. गरम इंजिन सावकाश चालू असलं तर काटा थोडा खाली येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ऑईल ढकलणारं इंजिनच बंद, तर काटा शून्यच पाहिजे.

गाडी घरंगळत निघाली. नुसता टायरचा आवाज.

टक... टक.

"आबा, कोण वाजवालंय?"

"पत्रा वाजतोय. झोप की."

टक... टक.

पिराजीनं मीटरकडं बघितलं. काटा हलला. दहा. वीस. त्यानं चावी चाचपली. बंदच होती. उपसून मुठीत धरली.

तीस.

गाडीनं वेग घेतला.

चाळीस.

"आबा..." स्नेहलनं त्याचा दंड धरला. "बाळ बगा की..."

बाळ जागं होतं. रडत नव्हतं. मीटरच्या काचेकडं एकटक बघत होतं... ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं.

टक टक. टक टक. टक टक.

पिराजी चावी लावायला गेला. चावी भोकात जाईना... गेली. फिरवली. गिअर टाकला. गाडीनं हिसका दिला, इंजिन धडधडलं. आवाज थांबला. काटा खाली आला, गरम इंजिनाचा यावा तेवढाच.

पुढं वळण. वळणावर बंद पडलेला ट्रक. दिवा नाही, काही नाही. पिराजीनं ब्रेकवर पाय दिला. ब्रेक लागला. ट्रक आणि बंपर यांत वीतभर जागा उरली, पोरांनो. वीतभर. इंजिन बंद असतं तर?

स्नेहल बाळाला छातीशी धरून रडत होती.

लेकीला पोचवून तो सकाळी थेट मीनाबाईच्या दारात आला. उजेडात मीटरच्या काचेवर काळपट डाग दिसत होता. ऑईलचा. त्यानं फडक्यानं पुसला. निघेना. मीनाबाईनं पदर लावून पुसला. निघेना. मग तिनं वाकून, डोळा काचेला लावून बघितलं.

डाग काचेच्या आतल्या बाजूला होता. अंगठ्याचा ठसा. मधून तिरकी चीर.

ती पदर तोंडात धरून उभी होती.

"ठसा त्येंचाच हाय," ती म्हणाली. मग पिराजीकडं वळली. "पण पावणं... ह्यो मीटर नवा हाय. ते गेल्यावर, गाडी इकायला काढली तवा मीच बसवून घेटला. ह्येला त्येंचा हात कधी लागलाच न्हाय."