वस्तीची राखण

सुकन्याच्या सहली स्वस्त असायच्या, कारण त्यांत काहीच नसायचं. हॉटेल नाही, गाडी नाही, कौतुक करायला कुणी नाही. आपली सॅक आपल्या पाठीवर, मुक्कामाला तंबू, आणि सगळ्यांनी मिळून शिजवलेली खिचडी. मिरजगावला एसटीतून उतरायचं आणि माळ तुडवत तुडवत खर्ड्याच्या किल्ल्याखाली पोचायचं. जाहिरातीत तिनं 'आपलं घरचं वाळवंट' असं लिहिलं होतं. वाळवंट कसलं डोंबलाचं! मुरमाड जमीन, कुसळं, बोराटी आणि अंगावर येणारं आभाळ. पण पुण्याच्या लोकांना त्याचं भारी अप्रूप, आणि ते यायचे.

या वेळी सोबत बाबा होते. राधाकृष्ण, वीज मंडळातले निवृत्त वायरमन. पावसाळ्यात आई गेली आणि तेव्हापासून त्यांनी बोलणंच टाकलं. ताटावर बसायचे, घास चिवडायचे, उठायचे. माणूस डोळ्यांदेखत झिजत चालला होता. मोकळ्या हवेत चालतील, चार माणसांत बसतील, म्हणून सुकन्यानं त्यांना उचलून आणलं. थोरला भाऊ हनुमंत फोनवर खवळला होता. "या वयात माळावर फिरवतेस? डोकं ठिकाणावर आहे का?"

"धड नेते आणि धड परत आणते," ती म्हणाली होती. "माझा शब्द."

शब्द दिला खरा, पण निघाल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पुढं चालायची आणि सारखी मान वळवून मागं बघायची. बाबा शेवटी असायचे, निळी सॅक, खाली मान. जानेवारीतलं वारं थांबायचं नाव घेत नव्हतं. तंबूचं कापड फडफडायचं, कानांत माती जायची, बोलायला तोंड उघडावं तर दातांखाली कचकच. मोनिका आणि रविराज हे पुण्याचं जोडपं पहिल्या दिवशी सारखं गाणी म्हणत होतं. दुसऱ्या दिवशी तेही गप्प झालं.

दुपारी ठरल्या विहिरीवर पोचले तर मोटार जळालेली. पाणी नाही. टेकाडापलीकडं घरं दिसत होती, म्हणून सुकन्यानं वाट सोडली. एवढंच तिनं नेहमीपेक्षा वेगळं केलं.

वस्ती कोयत्यावर गेलेली होती. त्या बाजूला हे नवीन नाही. दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात, लेकरं, शेळ्या, भांडी ट्रॅक्टरवर घालून, आणि घरांना कुलपं लागतात. इथंही सगळ्या दारांना कुलपं होती. बाजा भिंतीला उभ्या लावलेल्या. पण प्रत्येक अंगण झाडलेलं, त्यावर शेणाचा ओला सडा, आणि प्रत्येक उंबऱ्यावर तेल घातलेली एक पणती. सड्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. आत वारंसुद्धा नव्हतं. टेकाडावर ते घोंगावत होतं आणि इथं झाडाचं पान हलत नव्हतं.

"बाई गं, किती शांत!" मोनिका म्हणाली, आणि का कोण जाणे, हळू आवाजात म्हणाली.

शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. बनुबाई. हे एक दार तेवढं उघडं होतं. कुठून आलात, कोण तुम्ही, काही विचारलं नाही तिनं. रांजणाकडं बोट केलं. मग सगळ्यांना ओलांडून तिची नजर बाबांवर गेली.

"लई उशीर केला," ती म्हणाली.

"वाट लांबली," बाबा म्हणाले.

सुकन्यानं तांब्या खाली ठेवला. पावसाळ्यापासून तिनं त्यांच्या तोंडून असं सरळ वाक्य ऐकलं नव्हतं. आणि ते तिथंच थांबले नाहीत. ओट्यावर टेकले, बनुबाईनं पुढ्यात पिठलं-भाकरी ठेवली, ती मोडून मोडून खाल्ली, वर आणखी मागितली. कुठलासा जुना ट्रान्सफॉर्मरचा किस्सा सांगून हसलेसुद्धा. सुकन्याला भडभडून आलं. इतकं बरं वाटलं तिला, की तंबू इथंच लावायचे असं तिनं ठरवूनही टाकलं. तरी आत काहीतरी टोचत होतं. ती उठली, बसली, पुन्हा उठली.

"आजी, एकट्याच राहता?" तिनं विचारलं.

"एकली कशी? राखन हाय माज्याकडं. मानसं येईस्तवर सांजंला दारादारात दिवा लावायचा, घरातल्याला नावानं हाक मारायची. न्हाईतर घरं इसरत्यात."

"किती वर्षं करताय?"

"ध्यानात न्हाई बया. मी बी अशीच चालत आल्ते. पानी प्याया."

ऊन उतरलं तशी म्हातारी काडीपेटी घेऊन निघाली. सुकन्या मागोमाग गेली. पहिल्या दारात वाकून बनुबाईनं पणती लावली. "रंगुबाई, दिवा लागला गं," ती कुलपाला म्हणाली. दुसऱ्या दारात, "कारभारी, दिवा लागला." आणि त्या बंद दाराआड कुणीतरी खोकलं.

उंदीर असेल. फळी वाजली असेल. सुकन्यानं स्वतःला समजावलं आणि दोन पावलं मागं सरकली.

बनुबाईला वाकवत नव्हतं. गुडघ्याला हात लावून ती कण्हली, तेवढ्यात बाबा आले. जन्मभर खांबावर चढून लोकांच्या घरात उजेड पाडलेला माणूस तो. वादळवाऱ्यात जेवण टाकून उठायचा. अंधारं दार त्याला बघवायचंच नाही. "द्या इकडं, मी लावतो," ते म्हणाले.

"एकाच हातानं लावायचं असतंय," बनुबाई हसली. "दुसऱ्यानं शेवटचा लावला, की राखन त्येच्याकडं."

"असू द्या हो."

सुकन्याला वाटलं, म्हणावं, बाबा, नका. पण कशासाठी म्हणायचं? इतक्या महिन्यांनी माणूस आपणहून कशाला तरी हात लावतोय! बाबा दारोदार फिरले. बनुबाई लांबूनच नावं सांगत होती आणि ते हाका मारत होते. शेवटची पणती लागली तशी म्हातारीनं मोठा श्वास सोडला, ओट्यावर बसून पाय लांब केले आणि पदरानं तोंड पुसलं.

"सुटले," ती म्हणाली.

सकाळी निघायची घाई. तंबू गुंडाळले, बाटल्या भरल्या. बाबा ओट्यावर बसून होते.

"चला ना, बाबा."

"तू हो पुढं. मी आलोच."

सुकन्या पुढं झाली. टेकाडावर आल्याआल्या वाऱ्यानं पुन्हा झोडपलं. तिनं वळून पाहिलं. शेवटी निळी सॅक येत होती, खाली मान. जीव भांड्यात पडला. पुढच्या लिंबाखाली सगळे थांबले, सॅका उतरल्या. निळी सॅकही उतरली. ती बनुबाईच्या पाठीवर होती.

"बाबा कुठंयत?" सुकन्या ओरडली.

म्हातारी पदरानं वारा घेत होती. रविराज गोंधळून बघत राहिला.

सुकन्या पळत सुटली. बोराटी पायांना ओरबाडत होती, पण तिला त्याचं भान नव्हतं. वस्तीत पोचली तेव्हा ओटा रिकामा होता. ते उघडं दारही आता बंद, कुलूप गंजलेलं, कुलपावर कोळ्याचं जाळं. अंगणात मात्र ओला सडा.

"बाबा! बाबा!"

तिनं दारावर हात आपटले.

"कोन हाय?" आतून आवाज आला. बाबांचाच.

"मी! सुकन्या! दार उघडा!"



"मानसं कोयत्यावर गेल्यात," बाबा म्हणाले, अनोळखी माणसाशी बोलावं तसं, गोड. "पाडव्याला येत्याल. पानी पायजे आसंल तर रांजन भरल्याला हाय."

तिनं हंबरडा फोडला. रविराज धापा टाकत मागून आला होता. तिनं त्याच्या हातात दगड कोंबला. त्यानं कुलूप फोडलं, दार ढकललं. एकच खोली. जातं, घडी घातलेल्या गोधड्या, जमिनीवर बोटभर धूळ. धुळीवर कसलीच खूण नव्हती. दुसरं दार नव्हतं.

"आत्ता बोलले ते! ऐकलंस ना तू?"

"ताई, कोण बोललं?" रविराज तिला सावरत म्हणाला. "चला आता. तुमच्या आई तिकडं काळजी करत बसल्यात."

लिंबाखाली मोनिका बनुबाईचे पाय चेपून देत होती. "आई कसल्या चालतात हो! मिरजगावपासून एकदाही थांबल्या नाहीत."

सुकन्यानं कुणाकडं बघितलं नाही. ती परत टेकाडाच्या माथ्यावर गेली, तिथं मोबाईलला रेंज मिळाली. तिनं हनुमंतला लावला.

"दादा, बाबा... बाबा मागं राहिले."

 पलीकडून तो खवळला नाही, मायेनं बोलला.

"सुकू, बाबा पावसाळ्यात गेले. तूच उशाशी होतीस. म्हणून तर आईला घेऊन गेलीस ना, तिनं बोलावं, दोन घास खावेत म्हणून?"

"आई गेली, दादा. आई."

"असं अभद्र बोलू नकोस. रडू नको बघू. आईला फोन दे."

सुकन्यानं डोळे मिटले आणि आईचा चेहरा आठवून पाहिला. कुंकू आठवलं, आवाज आठवला. चेहरा मात्र एकच येत होता, ओट्यावर बसलेल्या म्हातारीचा.

तिनं डोळे उघडले. सॅक पुन्हा पाठीला लावून, टेकाड चढून म्हातारी जवळ आली होती. तिनं आधीच हात पुढं केला होता.

सुकन्यानं फोन तिच्या हातात दिला, आणि तिच्या पाठीवरच्या सॅकचा सुटलेला पट्टा नीट लावून द्यायला खाली वाकली.