जांभळा खडा

घटस्थापनेच्या सकाळी शिरूरच्या स्टँडपुढं कंपनीच्या बसमध्ये चढले, तर माझ्या रोजच्या जागेवर एक अनोळखी माणूस. मांडीवर थर्माकोलचा डबा... आणि त्याला दोन्ही हातांनी असं कवटाळलेलं, जणू आत अंडी उबत होती.

"बसा ना," तो सरकला. "मी सत्यजीत. दौंडचा. खड्यांच्या प्रयोगासाठी आलोय. तुम्ही?"

मी गप्प. नवरात्रात उठल्यापासून गेटवरच्या गणपतीला फूल वाहीपर्यंत माझं मौन असतं. ते याला सांगायचं तर बोलावं लागणार! मी नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

"अच्छा..." तो कुजबुजला. "पण डब्यात कुणी झोपलेलं नाहीये हो. मोठ्यानं बोललं तरी चालतं."

देवी, क्षमा कर. पण फुलांची परडी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली मला.

गेटवर फूल वाहिलं आणि वळले. "मी अक्षदा. तपासणी विभाग. माझं मौन होतं."

"मग आधी सांगायचं ना!"

असा माणूस!

आमच्या रांजणगावच्या कंपनीत लेझर यंत्रांत बसवायचे पारदर्शक खडे तयार होतात. म्हणायचं स्फटिक, पण असतं ते मीठच, पोटॅशियमचं, वितळवून वाढवलेलं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्यातून आरपार जायला हवा. पण मिठात कणभर भेसळ उरतेच. ती प्रकाश शोषते, खडा तापतो, तडकतो. सत्यजीतचं म्हणणं असं, की खड्याला गॅमा किरणं दिली तर ती भेसळ मोडते आणि शोषण उतरतं. पण कांद्यांना किरणं देतात त्या केंद्रातून त्यानं आणलेला एकुलता एक धड खडा झाला होता गर्द जांभळा.

"कांद्याशेजारी ठिवलावता व्हय रं?" स्टोअरचे पोपटराव मामा म्हणाले. "समदा रंग लागलाय की ह्याला!"

"मामा, हा रंग आपल्या डोळ्यांना दिसतो. अवरक्त प्रकाशाला त्याची अडचण नाही."

"म्हंजी आंधळ्याला दाखवायचा खडा म्हन की!"

साहेब मात्र हसले नाहीत. "नवमीला मोजणी. शोषण उतरलं नाही, तर प्रयोग बंद." म्हणजे सत्यजीतनं दौंडला परतून चुलत्यांच्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये बसायचं.

त्या संध्याकाळी दिवा लावताना मी देवीला मागणं घातलं — याच्या खड्याला यश दे, या वर्षीचं मौन त्याच्यासाठी. का घातलं, तिलाच ठाऊक. मी तर दिवसभर त्याच्यावर वैतागलेलेच होते!

आणि तो? रोज सकाळी माझ्या शेजारी बसून दोघांचंही बोलायचा.

"काय म्हणता, अक्षदा? बऱ्या आहात? बऱ्या आहेत. आज राग आहे? थोडासा आहे. माझ्यावर? छे छे, ड्रायव्हरवर."

मी खिडकीकडं तोंड फिरवायची. काचेत त्याचं हसणं दिसायचंच. परडीतल्या शेवंतीचा वास, उसाच्या ट्रॉलीमागं रखडलेली बस... आणि गेट यायला थोडा उशीर व्हावा, असं वाटणारी मी. माझाच राग यायचा मला.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा. त्या दिवशी माझं मौन पूजा संपेपर्यंत. आरतीचं ताट माझ्या हातात, पळी-पंचपात्र मामांकडं. सत्यजीतनं उत्साहानं आपला जांभळा खडाही पाटावर मांडला. "यालाही फूल वाहा हो मामा, नंतर याचीच परीक्षा आहे," म्हणाला, आणि तेवढ्यात साहेबांचा फोन आला म्हणून दाराशी गेला.

मामांनी लेथला पाणी शिंपडलं, कुंकू लावलं. ड्रिलला लावलं. मग पळी काठोकाठ भरून खड्यावर धरली.

मीठ ते! पाणी पडलं की विरघळणार! मी ताट हलवलं, घंटा वाजवली. मामांना वाटलं, आरतीची घाई झाली.

"जरा दम धर की पोरी, आंघूळ तर घालू दे ह्याला!"

मौन मोडावं, तर ज्याच्यासाठी धरलं ते मागणंच मोडणार. न मोडावं, तर मागण्यातला खडाच उरणार नाही...

"सत्या! खडा उचल!"

सत्या. 'सत्यजीत सर' नाही, 'मामा थांबा' नाही. मामा हातभर अंतरावर असताना मी दाराकडं तोंड करून ओरडले होते! सगळी कंपनी माझ्याकडं बघत राहिली. सत्यानं धावत येऊन खडा उचलला. पळीतलं पाणी त्याच्याच मनगटावर सांडलं.

"आता कळलं," मामा म्हणाले, "पोरीचं मौन कुनासाठी व्हतं त्ये!"

दुपारी मोजणी झाली. शोषण निम्म्याहून खाली उतरलं होतं. देवीनं मोडकं मौनही चालवून घेतलं. पण माझं मन कसं मानणार? प्रायश्चित्त म्हणून मी दसऱ्याचा अख्खा दिवस मौन धरलं.

आणि नेमका दसऱ्यालाच तो दौंडहून मोटारसायकलवर आमच्या दारात हजर! हातात आपट्याची पानं.

"आज दिवसभर बोलायची नाही हो ती," आईनं सांगितलं आणि चहा टाकायला आत गेली.

"दिवसभर?" त्याच्या डोळ्यांत खट्याळ काहीतरी चमकलं. मग आवाज एकदम खाली आला. "अक्षदा... काल सत्या म्हणालात. ते मला रोज ऐकायचंय. लग्न करून."

नेमकं आज विचारायचं होतं?

"नको असेल तर 'नाही' म्हणा," तो पान पुढं करत म्हणाला. "गप्प राहिलात, तर होकार समजेन."

लबाड! रात्रभर जागून मी या प्रश्नाचं उत्तर जुळवलं होतं. छान, लाजत, माझ्या तोंडानं द्यायचं होतं मला ते!

मी पान हिसकावून घेतलं, डोळे वटारले... आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.