गिंदोची लांब साल

आमची होडी कुजली होती. सालीची होडी वर्षभर टिकली तरी पुष्कळ; हिने तर दुसरा हिवाळा ओढला होता. ती बुडाली की शिंपले नाहीत, मासे नाहीत, किनाऱ्यावर उपाशी बसा! म्हणून झाडांत रस चढताच आम्ही तिघं त्याच होडीतून गिंदोची साल आणायला निघालो. गिंदोचं झाड बर्फातही हिरवंच. होडी त्याची, सरपण त्याचं, आणि फांद्यांवर येणारे बुरशीचे पिवळे गोळे तेही आमच्याच पोटात.

तिघं म्हणजे मी, माझी लेक वुलाया आणि तिचा नवरा तुलिंजीस, पश्चिमेकडचा. सासू-जावयाने थेट बोलायचं नाही, ही आमची रीत. मला ती सोयीची होती. मला तो माणूसच पटत नव्हता.

वाटेत चांगली राई दिसली. मी मागे वल्ह्यावर, मधे मातीच्या थरावर होडीतली आग, आणि तो भाला घेऊन पुढे बसलेला, तिकडे ढुंकूनही बघेना.

मी वल्हं थांबवलं. "त्याला विचार, ही राई सोडून लांब कशाला?"

वुलायाने विचारलं.

"तुझ्या आईला सांग, इथली झाडं वाकडी आहेत. वाकड्यात शिरायची मला सवय नाही."

"त्याला सांग, झाडं असोत की माणसं, वाकडं मला लांबूनच दिसतं!"

लांबच्या खाडीत गुडघाभर बर्फ होतं. तुलिंजीस सीलच्या कातड्याचा पट्टा कमरेला बांधून सरळसोट गिंदोवर चढला. वर एक कडं कापलं, खाली एक कापलं, मधे उभी चीर दिली आणि हाडाची पाचर हळूहळू आत सारली. साल कुरकुरली, सुटली. काम चोख होतं. पण सालीची अशी तीन लांब पानं उतरली तेव्हा मी त्यांना हात लावून माप घेतलं. तिघांच्या होडीला एवढी लांब साल? एवढ्या होडीतून माणूस मोठ्या समुद्रात जातो. पश्चिमेला जातो!

मी लेकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. म्हणजे हीसुद्धा सामील!

परतताना डोंगरावरून वारा कोसळला. होडी आडवी झाली. शिवण फाटली. वुलाया पाणी उपसत होती, मी वल्हं मारत होते. किनारा समोर होता, पण होडीने जीव टाकला. फाट्दिशी दोन तुकडे!

आमच्या बायका लहानपणापासून बुड्या मारतात. पुरुषांना पोहता येत नाही. तुलिंजीस सालीची गुंडाळी कवटाळून गटांगळ्या खात होता, आणि ती त्याला खाली ओढत होती.

"सोड ती साल!" मी थेट त्याच्यावरच ओरडले. रीत गेली पाण्यात!

"सोडली तर... होडी कशाची करणार?"

"मेलास तर सोलणार कोण, शहाण्या?"

त्याने सोडली. मी त्याचे केस धरले आणि समुद्री शेवाळाच्या जाड दोऱ्या पकडत पकडत त्याला किनाऱ्यावर ओढलं. तिन्ही पानं वाहून गेली. होडीही गेली. आता नवी होडी केल्याशिवाय घर नव्हतं.

वुलायाच्या गळ्यातल्या पिशवीत चकमक होती. आग पेटली तेव्हा मी विचारलं, "एवढी लांब साल कशाला?"

तो सवयीने बायकोकडे बघायला लागला.

"तिच्याकडे काय बघतोस? मी विचारतेय!"

"ती पोटुशी आहे," तो दात वाजवत म्हणाला. "बाळंतपणाला माझ्या आईकडे न्यायचं होतं."

"आई, तुझीही जागा धरूनच माप घेतलंय," वुलाया घाईघाईने म्हणाली.

"हो का? कुठं? भाल्यापाशी, की आगीपाशी?"

वुलाया लगेच आगीत काटक्या सारायला लागली. मला काय कळायचं ते कळलं: मापात माझी जागा नव्हतीच.

सकाळी तो पुन्हा तिथल्याच एका गिंदोवर चढला; पट्टा आणि पाचर त्याच्या कमरेलाच राहिले होते. मी बुंध्याशी उभी राहिले.

"एवढी पुरे?" त्याने वरून विचारलं.

"आणखी हातभर वर काप!"

विश्वास बसला म्हणून नव्हे. ज्या जावयाचा भरवसा नाही, त्याच्या होडीत सासूने बसलंच पाहिजे. नवी होडी पाण्यात लोटली, तेव्हा मी वल्हं घेऊन अगदी मागे बसले. तिथून दोघांच्याही पाठी नीट दिसतात.